मत्साचा कुस्करा

माझ्या सासूला कोणी खडूस म्हटलं तर मी आजही भांडायला उठेन. पण लग्नानंतरची पहिली तीन वर्षं ती माझ्या हातचं जेवली नव्हती, हेही तितकंच खरं आहे. चहा घ्यायची, केळं सोलून दिलं तर खायची, उकडलेलं अंडं चालायचं. ताट वाढलं की मात्र म्हणायची, "मला पथ्य आहे गं. तू जेव." हे ती इतक्या मऊ आवाजात म्हणायची की भांडायला जागाच उरायची नाही, आणि मला तर भांडायची लहानपणापासून भारी हौस.

मी वैनगंगेच्या काठची, मार्कंड्याच्या पलीकडच्या एका गावातली, ढिवराची मुलगी. आमच्या घरात जाळी आणि धानाची शेती दोन्ही. शिकून ऊर्जानगरच्या बालवाडीत लागले. तिथे वीज केंद्रात बॉयलरवर काम करणारा एक इंजिनीयर भेटला. तो कोकणातला, पेणजवळचा, बेने इस्रायली. म्हणजे ज्यू, पण घरात आपल्यासारखं मराठी बोलणारा, आणि माझ्यापेक्षा शुद्ध बोलणारा. आम्ही चंद्रपूरला रजिस्टर लग्न केलं. मी धर्म बदलला नाही आणि त्याने तसं कधी म्हटलंही नाही. माझ्या मायनं त्याच्याबद्दल एकच चौकशी केली होती, "मासे खाते का?" मी हो म्हटलं. "मंग होऊ दे," म्हणाली. झिंगे चालत नाहीत, बिनखवल्याचा मासा चालत नाही, मटणात दूध-दही चालत नाही, हे लग्नानंतर कळलं. ते ऐकून माय दोन दिवस माझ्याकडे फसवल्या गेलेल्या माणसाच्या नजरेनं बघत होती.

सासूचा सगळ्यात मोठा सण म्हणजे पेसाह. तिच्या माहेरच्या जुन्या बायका त्याला अनाशी ढाकाचा सण म्हणत, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. चैत्राच्या पुनवेच्या आसपास येतो. आठ दिवस घरात खमीर नाही, पाव नाही, गव्हाचं पीठ नाही, रवा नाही. गव्हाचा म्हणून खायचा तो फक्त मत्सा, पाणी लावल्या लावल्या घाईघाईनं लाटून भाजलेली, टोचे मारलेली, कडक, बिनमिठाची पोळी. तो मुंबईहून डब्यात बंद होऊन येतो. माझा नवरा दर वर्षी सणाला एकटाच पेणला जायचा. मला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण चल असंही म्हटलं नव्हतं. आठ दिवसांनी तो परत यायचा आणि मत्साच्या नाश्त्याचं वर्णन करायचा. मत्सा भिजवायचा, अंड्यात कालवायचा, कांदा-मिरची घालून परतायचा. त्यांच्या घरात त्याला भिजका मत्सा म्हणत. मी ऐकून घ्यायची आणि त्या दिवशी मुद्दाम भाजीत मीठ कमी घालायची.

चौथ्या वर्षी नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि त्याच्या युनिटचं ओव्हरहॉलिंग नेमकं सणात आलं. रजा मिळेना. त्याने आईला फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "मग मीच येते."

मी ठरवलं की या सणात हिला माझ्या हातचं जेवायला लावायचंच. तसं झालं नाही तर पुढे कधीच होणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं. एखादी गोष्ट मनानं घेतली की मी ती सोडत नाही, हा दोष माझ्या नवऱ्याने पहिल्या महिन्यातच ओळखला होता.

पंधरा दिवस मी घर घासलं. ऊर्जानगरात वीज केंद्राच्या चिमणीची राख रोजच घरात येते. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. त्या राखेशीही मी भांडले. गव्हाचा डबा, रवा, शेवया, बिस्किटं, टोस्ट, सगळं शेजारच्या काकूंकडे पोचतं केलं. काकूंनी आठ दिवस आमच्याच गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या. मला पुडे वाचायची सवयच लागली. जे हातात येईल त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायची आणि त्यात गहू नाही ना ते बघायचं. साबण आणला तर तोही मी उलटा करून वाचला. नवरा म्हणाला, "साबण आपण खात नाही." मी म्हटलं, "तुझ्या आईचं काही सांगता येत नाही."

सासू बल्लारशाहला उतरली ती एक ट्रंक, एक वातीचा स्टोव्ह आणि मत्साचा पत्र्याचा डबा घेऊन. ट्रंकेत सणाची वेगळी भांडी होती. तिने माझं स्वयंपाकघर पाहिलं. ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं, कपाट उघडून आत डोकावली. "छान ठेवलंयस गं," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने स्टोव्ह उचलला आणि मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवला. ट्रंकही तिकडेच नेली. मत्साचा डबा तेवढा माझ्या कपाटात ठेवला, कारण व्हरांड्यात राख येत होती.

मला रडू आलं. मग राग आला. मग मी तोच ओटा पुन्हा घासायला घेतला, कारण दुसरं काय करणार.

सणाच्या पहिल्या संध्याकाळी मात्र तिने मला स्वतःजवळ बसवलं. नवरा पोथी वाचत होता आणि ती मला मराठीत सांगत होती, हे मिठाचं पाणी म्हणजे आसवं, ही कडू भाजी म्हणजे गुलामीचे दिवस, हा खजुराचा पाक म्हणजे विटांचा गारा. तिला सांगता छान यायचं. खजुराचा पाक तर असा झाला होता की मी तीन वेळा घेतला. तिने केलेलं मी खात होते, मी केलेलं ती खात नव्हती. खाताना हे डोक्यात आलं की तोंडातला घास कडू व्हायचा आणि तरीही मी चौथ्यांदा वाटी पुढे करायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की विहीण पेणहून आली आहे. मग ती गावात कशी थांबणार? एस.टी.नं उन्हातून आली, हातात पिशवी, पिशवीत घाण्यावरून काढून आणलेल्या जवसाच्या तेलाची बाटली आणि डबाभर करंज्या. मी दारातच तिच्या हातातून डबा काढून घेतला.

"काऊन वो?" माय म्हणाली.

"माय, गव्हाचं आठ दिवस घरात चालत नाई. सण आहे तेंचा."

"आता कोनता सण? पाडवा तं झाला."

"पुनवेचा."

"विहिणीसाठी केल्या बाप्पा, रात्री बसून केल्या मी," माय पुटपुटली. करंज्या काकूंकडे गेल्या. मायचं तोंड पडलेलं मला दिसत होतं, पण घरात सासू बसली होती आणि मला त्या क्षणी करंज्यांचं नसून सासूचं पडलं होतं. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते.

माय काही मिनिटांत सगळं बघून घेते. व्हरांड्यातला वेगळा स्टोव्ह तिने पाहिला. मी भात-वरण केलं होतं, ते मी, नवरा आणि माय जेवलो. सासू आपल्या पातेलीतला भात घेऊन बाजूला बसली. "पथ्य आहे मला," मायला म्हणाली. मायनं मान हलवली. अंथरुणं घालताना तिने मला धरलं.

"ते तुह्या हातचं खात नाई?"

"सण आहे म्हटलं ना."

"आन् सण नसते तवा?"

मी उशीचा अभ्रा नीट करत बसले.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याची पहिली पाळी होती. पहाटेच कंपनीच्या बसनं गेला. सासू न्हाणीघरात होती. मी पिशव्या आणायला दूध केंद्रावर गेले. एरवी दहा मिनिटांचं काम, पण त्या दिवशी दुधाची गाडी उशिरा आली. परत येताना जिन्यातच मला फोडणीचा वास आला. कांद्याचा, जवसाच्या तेलाचा, झणझणीत. घरात मी फोडणी टाकून ठेवली नव्हती आणि सासू तर न्हाणीघरात होती.

स्वयंपाकघरात माय गॅसपुढे उभी होती. कढईत पिवळा, लाल मिरच्यांचा, वर सांभार पेरलेला कुस्करा वाफाळत होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. ओट्यावर मत्साचा पत्र्याचा डबा उघडा होता.

"माय! हे काय करून राह्यली तू?"

"हळू बोल," माय म्हणाली. दाराकडे बघून तिने आवाज आणखी खाली आणला. "डबाभर वाळलेल्या पोळ्या ठेवल्या तू. कडक लाकडासारख्या झाल्या. घरात विहीन आलेली, आन् तुह्या कपाटात असं शिळं? तिनं पाह्यलं असतं तं काय म्हटलं असतं? म्हून मी उठली आन् कुस्करा टाकला. आता कोनाले समजत नाई."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. सासूने मुंबईहून जपून आणलेला, देवाचा म्हणून वेगळ्या डब्यात ठेवलेला मत्सा माझ्या मायनं माझी अब्रू वाचवायला फोडणीत टाकला होता. पोळी शिळी झाली की आमच्याकडे हेच करतात. तिने पाण्यात बुडवलाही नव्हता. बोटांनी शिंपडून, ओल्या फडक्याखाली झाकून, मऊ झाल्यावर हातानं चुरला होता. मोहरी, कांदा, हिरवी मिरची, लाल मिरची, हळद, गोडनिंबाचा म्हणजे कढीपत्त्याचा पाला, सगळं मन लावून. जवळजवळ अर्धा डबा रिकामा झाला होता.

तेवढ्यात सासू आलीच. केस ओले, खांद्यावर पंचा. "काय गं, काय करता आहात? वास कसला एवढा सुरेख?" म्हणत ती थेट आत आली. आधी कढईत बघितलं, मग डब्यात. मग पुन्हा कढईत.

आणि माझी सासू हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसली. "अगो बाई! हा तर आपला भिजका मत्सा! तुम्हाला कसा येतो?"

माय भांबावली. "कुस्करा हाय तो."

"तेच तेच. माझी बहीण तिकडे इस्रायलला गेली ना, तिला शेजारच्या युरोपातल्या बाईनं शिकवला. ते लोक सणाच्या सकाळी हाच नाश्ता करतात. तिने मला पत्रातून कळवला. मी आज करणारच होते. तुमच्यात अंडी नाही घालत?"

"पोळीत अंडी?" माय म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, पण विहीण खूश आहे एवढं तिला दिसत होतं. तिने लगेच ताटली घेतली, वाढलं, वर जास्तीचा सांभार टाकला. सासूने पाट ओढला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्यासमोर, माझी सासू पाटावर बसली.

मी वळून ओटा आवरायला घेतला, कारण डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दाखवायचे नव्हते. मोहरीची बरणी जागेवर ठेवली. हळद ठेवली. हिंगाची डबी उचलली. आमच्याकडे हिंग मिसळणाच्या डब्यात ठेवत नाहीत, वासानं बाकी सगळं बिघडतं. ती डबी खिडकीच्या कोनाड्यात वेगळी असते. म्हणूनच पंधरा दिवसांत ती वाचायला माझ्या हाती लागली नव्हती. आता लागली, आणि सवयीनं मी तिची पाठ वाचली. खाण्याचा डिंक, मैदा, हिंग.

मैदा.

मी पुन्हा वाचलं. अक्षरं काही बदलली नाहीत.

मागे वळून बघितलं तर सासू हात धुऊन आली होती, डोक्यावर पदर घेत होती. मत्सा खायच्या आधी ते लोक एक बेराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, म्हणतात. ती म्हटली की खाल्लंच पाहिजे, नाहीतर देवाचं नाव फुकट घेतल्यासारखं होतं, हे तिनेच मला परवा सांगितलं होतं. म्हणजे माझ्या हातात दोन-चार क्षण होते.

खोटं कशाला सांगू, मी डबी मुठीत झाकली. चिमूटभर हिंग. त्यात मैदा तो कितीसा. कोणाला कळणार नव्हतं. मायला वाचता येत नव्हतं, सासूला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर ताटलीत वाफाळत होतं, आणि ते होऊ नये यासाठी जगात फक्त एक माणूस काही बोलू शकत होता, तो म्हणजे मी.

"माय, हिंग टाकला का?"

"टाकला ना. हिंगाबगर कुस्करा होते का?"

सासूचे ओठ हलणार होते. "आई, थांबा," मी म्हटलं. "खाऊ नका."

तिचा हात तसाच राहिला. पण मायचा चेहरा असा उतरला की मला माझेच शब्द परत गिळावेसे वाटले. ती काही ऐकायलाच थांबली नाही.

"काऊन खाऊ नोको? माह्या हातचं हाय म्हून? बाई वो, आम्ही ढिवर हाओ, म्हून तुमाले चालत नाई, हो ना? कालपासून पाहून राह्यली मी. पोट्टी मरमर करते आन् तुम्ही तिकडं येगळी चूल मांडून बसता. सांगा ना सरळ!"

"माय, तसं नाई..."

"तू गप."

सासूने पदर डोक्यावरून खाली घेतला. आधी तिने माझ्याकडे बघितलं. मी मूठ उघडली आणि डबी पुढे केली. "यात मैदा आहे, आई. मला माहीत नव्हतं. आता वाचलं. चूक माझी आहे, मायची नाही." तिने डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, दिसेना म्हणून परत दिली.

मग ती मायकडे वळली. "बाई, इकडे बसा." माय बसली नाही. "बरं, उभ्यानं ऐका. मी तेल्याची. आम्हाला गावात शनवारतेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. माझ्या आजोबांचा घाणा होता. आमच्याही हातचं सगळे खात नव्हते. जातीचं मला नका शिकवू."

आता हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "मग माझ्या हातचं का खात नाही तुम्ही?"

झालं. विचारून टाकलं. माय माझ्याकडे बघत होती, कारण सासूशी इतक्या वरच्या आवाजात बोललेलं तिला कधीच चाललं नसतं, ती स्वतः त्याहून वर बोलली होती तरी.

सासूने ताटली बाजूला सरकवली. "मी तुला काय काय विचारणार होते गं?" ती म्हणाली. "या कढईत झिंगे शिजलेत का? मटण दही लावून केलंस का? हे कुठलं, ते कुठलं? रोज विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, सासू झडती घेते. आणि न विचारता खायचं तर माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं. म्हणून पथ्य सांगितलं. सोपं पडलं मला." मग म्हणाली, "तुला अवघड पडत असेल, हे दिसत होतं. तरी सांगत राहिले. ते चुकलं माझं."

मी हिंगाची डबी कागदात गुंडाळून दाराबाहेर ठेवली.

"आणि आज त्या वासापुढे मी कढई कुठली तेही विचारलं नव्हतं," ती म्हणाली. पाटावरून उठली. "किती मत्से उरलेत?"

मी मोजले. सात होते.

"पुरे झाले. भात आहे की. अंडी काढ."

ट्रंकेतली कढई आत आली. या वेळी ती व्हरांड्यात न राहता माझ्या गॅसवर चढली. मायनं हिंगाचा कुस्करा पुढ्यात ओढून घेतला आणि भिंतीला टेकून बसली. "मी वाया जाऊ देनार नाई," एवढंच म्हणाली आणि खायला लागली. ती अजून रुसलेली होती, पण घासागणिक रुसवा उतरत होता.

"मत्सा पाण्यात घाल," सासू म्हणाली.

"नोको नोको, पाण्यात नोको!" माय भरल्या तोंडानं ओरडली. "गचका होते, सारा लगदा. शिंपड बोटानं, वर फडकं टाक."

"पाण्यातच घालतात."

"तुमचा गचका होते का नाई होत, खरं सांगा."

सासूने थोडा विचार केला. "होतो," ती म्हणाली.

मी दोनच मत्से घेतले आणि शिंपडलं. सासूने जवसाच्या तेलाची बाटली उघडली, तळहातावर थेंब घेतला, दुसऱ्या हातानं चोळला आणि हुंगला. "घाण्याचंच आहे हे. लाकडी घाण्याचं." तिने तो हात नाकाशी किती वेळ धरून ठेवला. माय खाता खाता थांबून तिच्याकडे बघत होती. "तुमच्या गावात अजून चालतो?"

"हाय ना. बैल म्हातारा झाला, पन हाय. या एकदा, पाजतो तुमाले तेल." आणि दोघी हसल्या. कशाला हसल्या ते मला नीट कळलं नाही, पण मीही हसले.

अंडी एक एक करून वाटीत फोडायची, रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं आणि मगच मोठ्या भांड्यात ओतायचं, हे मला माहीत होतं. मी प्रत्येक वाटी सासूसमोर धरायला लागले. दुसऱ्या अंड्याला ती म्हणाली, "मला कशाला दाखवतेस? तुला डोळे नाहीत?" तिसरं अंडं मीच बघितलं आणि ओतलं.

मग कांदा टाकला, मिरची टाकली, मायच्या पद्धतीनं गोडनिंब आणि सासूच्या पद्धतीनं शेवटी थोडा किसलेला नारळ. दोघी मागून सूचना करत होत्या. एक म्हणे आता उलट, दुसरी म्हणे थांब अजून. मला शेवटी राग आला. "दोघी बाहेर जाऊन बसता का?" मी म्हटलं. कोणी हललं नाही. दोघी एकमेकींकडे बघून माझ्या रागाबद्दल काहीतरी डोळ्यांनी बोलल्या, तेही मला दिसलं. अंडं कडेनं सोनेरी झालं, मत्साच्या कडा कुरकुरीत झाल्या, आतून मऊ राहिला. मी ताटली भरली आणि पाटासमोर ठेवली.

सासूने पुन्हा हात धुतले. पदर घेतला. डोळे मिटून बेराखा म्हटली. मायनंही, का कोण जाणे, आपल्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. मग सासूने पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते, जेवणाऱ्या माणसाकडे असं बघू नये हे मायनं मला शंभरदा शिकवलं होतं तरी.

ती चावत राहिली. गिळलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी धास्तावले.

"मिरची," ती म्हणाली. "किती घालता गं तुम्ही लोक!" पेलाभर पाणी प्याली, नाक पुसलं आणि ताटली पुन्हा जवळ ओढली. पूर्ण संपवली. मग रिकामी ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाली, "अजून आहे का?"

मी वाढलं. वाढताना रडत होते आणि हसतही होते, आणि माय भिंतीला टेकून म्हणत होती की काही म्हणा, हिंगाचाच चांगला झाला. ती पुढे बारा-पंधरा वर्षं तसंच म्हणत राहिली.

दुपारी नवरा पाळी संपवून आला तेव्हा आम्ही तिघी कूलरपुढे चटईवर आडव्या पडलो होतो. त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. काय झालं ते मी त्याला सांगितलं, आणि तो इतका वेळ आईकडे बघत राहिला की ती म्हणाली, "काय बघतोस? जेवले मी." मग तो तिच्या पायांशी बसला. म्हणाला, "मग उद्या सकाळी करशील ना भिजका मत्सा? माझी उद्या सुट्टी आहे."

तिने डोळेही उघडले नाहीत. "मला कशाला विचारतोस? हिला विचार. मी उद्या उशिरा उठणार आहे."

माझी सासू जन्मात पाचनंतर कधी उठली नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले, चंद्रपूरचं चैत्रातलं ऊन खिडकीतून आत आलं, तरी ती डोक्यावरून चादर घेऊन पडून होती. मी स्वयंपाकघरात एकटी होते. मनासारखी मिरची घातली, ताट वाढलं, झाकलं, आणि दारातून एकच हाक मारली. ती लगेच उठून बसली.